तेजगाव, डिसेंबर १९७१: विमानं शाबूत, तळ निकामी

७ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या तेजगाव हवाई तळावर पाकिस्तानची उरलेली सेबर ही लढाऊ विमानं आडोशांमध्ये उभी होती. वैमानिक होते, तंत्रज्ञ होते, दारूगोळा होता. तळाभोवतीच्या विमानभेदी तोफा अजून भारतीय विमानांवर आग ओकत होत्या. तरीही युद्ध संपेपर्यंत त्यातलं एकही सेबर लढायला उडालं नाही. शेवटी ती विमानं पाकिस्तानी माणसांनीच जमिनीवर मोडली, भारताच्या हाती लागू नयेत म्हणून.

विमानं शाबूत असताना हवाई तळ मरतो कसा? याचं नेहमीचं उत्तर म्हणजे मिग-२१ विमानांनी धावपट्टीवर टाकलेले बॉम्ब. ते खरंच आहे, आणि त्या वैमानिकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तेजगावचा मागचा सगळा इतिहास समोर ठेवला की दिसतं, बॉम्ब पडले तेव्हा हा तळ आधीच एकटा पडला होता. त्याला दुसरी धावपट्टी नव्हती, मागून येणारी कुमक नव्हती, आणि कुंपणाबाहेरच्या माणसांना तो नको होता. मला हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं वाटतं.

तेजगावची पट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. ब्रह्मदेशात जपानी आल्यावर बंगाल आणि आसाम अचानक आघाडीवर आले, आणि भराभर धावपट्ट्या तयार होऊ लागल्या. तेजगाव त्यातलीच, आणि उत्तरेला थोड्याच अंतरावरची कुर्मिटोलाही. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाड्यांना रसद पोचवणारी अमेरिकी विमानं या दोन्ही ठिकाणांहून उडायची. फाळणीनंतर तेजगाव पूर्व पाकिस्तानचा, म्हणजे आजच्या बांगलादेशाचा, मुख्य नागरी विमानतळ झाला, आणि तोच हवाई दलाचा तळही.

इथे पाकिस्तानी हवाई दलाची १४ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, असे. १९६५ च्या युद्धात तिने मोठं नाव कमावलं. ७ सप्टेंबरला सकाळी तिच्या सेबर विमानांनी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर हल्ला केला. कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमानं जमिनीवर उघडी उभी होती, ती जळाली. त्याच दिवशी सेबर पुन्हा आली तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक आणि फ्लाइंग ऑफिसर ममगाईं हे दोघे हंटर विमानं घेऊन त्यांना भिडले आणि त्यांनी सेबर पाडली. ते दोघे भारतीय हवाई दलाच्या १४ क्रमांकाच्याच स्क्वाड्रनचे होते. एकाच आकड्याच्या या दोन स्क्वाड्रनची गाठ सहा वर्षांनी पुन्हा पडणार होती, या वेळी तेजगाववर.

कलाईकुंड्याच्या यशामुळे पाकिस्तानात एक समजूत पक्की झाली असावी: पूर्वेला एक स्क्वाड्रन पुरते. लष्करी धोरणच मुळी 'पूर्वेचं रक्षण पश्चिमेतून' असं होतं. भारताने पूर्वेत हात घातला तर पंजाबात आणि राजस्थानात एवढा दणका द्यायचा, की भारताने पूर्वेतून हात काढून घ्यावा. म्हणजे देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या जिथे राहते, त्या प्रांताच्या आकाशाची जबाबदारी जेमतेम एका स्क्वाड्रनवर. समोर भारताच्या पूर्वेकडच्या लढाऊ स्क्वाड्रनांची संख्या दहाच्या वर. हंटर, नॅट, मिग-२१, सुखोई-७, कॅनबेरा, सगळी जातकुळी हजर.

कुर्मिटोलाच्या जागी नवा विमानतळ उभा राहत होता, धावपट्टीही तयार होत आली होती. पण धावपट्टी असली म्हणजे तळ होत नाही. इंधन, दारूगोळा, दुरुस्तीच्या शेड, नियंत्रण आणि तोफांचं कवच, हे सगळं तेजगावलाच होतं.

आता १९७१ च्या सुरुवातीकडे येऊ, कारण माझ्या मते तेजगावचं खरं पतन तिथे सुरू होतं.

३० जानेवारीला श्रीनगरहून निघालेलं 'गंगा' हे इंडियन एअरलाइन्सचं विमान अपहरण करून लाहोरला नेलं गेलं आणि दोन दिवसांनी तिथे जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली. पश्चिमेतून ढाक्याला येणारं प्रत्येक विमान श्रीलंकेला वळसा घालून येऊ लागलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच लांबच्या वाटेने साध्या कपड्यातले सैनिक पीआयए या पाकिस्तानी कंपनीच्या प्रवासी विमानांतून तेजगावला उतरत होते. लोक पाहत होते. आपल्या शहराच्या विमानतळावर कोण उतरतंय आणि कशासाठी, हे ढाकेकरांना कोणी सांगावं लागलं नाही.

तेव्हा पूर्वेतल्या हवाई दलाचे प्रमुख होते एअर कमोडोर जफर मसूद. १९६५ मध्ये सरगोधा तळ सांभाळलेला हा मानाचा अधिकारी. मार्चच्या मध्यात पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान ढाक्यात असताना मसूद यांनी बैठकीत उभं राहून सांगितलं, की बंगाली असंतोषाचा हा प्रश्न बंदुकीने सुटणार नाही, राजकीय तोडगा काढा. ऐकलं गेलं नाही. २५ मार्चच्या रात्री लष्कर ढाक्यावर तुटून पडलं. ३० मार्चला सेबर विमानांनी चितगावजवळच्या कालुरघाट रेडिओ केंद्रावर बॉम्ब टाकले. स्वतंत्र बांगलादेशाची घोषणा तिथूनच झाली होती. मसूद यांनी पद सोडलं, नोकरीही सोडली. त्यांच्या जागी एअर कमोडोर इनामुल हक खान आले.

एखाद्या तळाचा सेनापती विवेकाला स्मरून निघून जातो, हा त्या तळाला बसलेला पहिला खड्डा. दुसरा त्याहून खोल होता. हवाई दलातल्या बंगाली वैमानिकांना उड्डाणापासून दूर ठेवलं गेलं, बंगाली तंत्रज्ञांवर संशय घेतला गेला. तळावर दोन नंबरच्या जागी असलेले ग्रुप कॅप्टन ए. के. खंदकर स्वतः बंगाली होते. मे महिन्यात ते निसटले आणि सीमा ओलांडून आगरतळ्याला पोचले. पुढे ते बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचे उपप्रमुख झाले. तळाचा कोपरा न् कोपरा माहीत असलेला माणूस आता पलीकडे होता. त्याने भारताला नेमकं काय सांगितलं याचा तपशील बाजूला ठेवला तरी, तळाच्या दृष्टीने एवढंही पुरे होतं.

२८ सप्टेंबरला नागालँडमधल्या दिमापूरला खंदकर यांच्या पुढाकाराने बांगलादेशाचं चिमुकलं हवाई दल उभं राहिलं. नाव किलो फ्लाइट. एक डाकोटा, एक ऑटर, एक अल्युएट हेलिकॉप्टर. लढाईसाठी न बनलेल्या या यंत्रांना रॉकेट आणि मशीनगन बसवल्या. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर ऑटरने चितगावचे आणि अल्युएटने ढाक्याजवळच्या नारायणगंजचे तेलसाठे पेटवले. तेजगावातून पळालेल्या माणसाच्या हवाई दलाने तेजगावच्या उंबरठ्यावर आग लावली होती.

युद्ध जाहीर व्हायच्या आधीच सेबर आणि नॅट यांची गाठ पडली होती. २२ नोव्हेंबरला बोयरा भागात मुक्तिवाहिनी आणि भारतीय सैन्यावर हल्ला करणाऱ्या सेबरवर कोलकात्याच्या डमडमहून उडालेली चार नॅट तुटून पडली. दोन सेबर पडली, तिसरं जखमी होऊन परतलं. पकडलेल्या वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तेजगावच्या हिशोबात मात्र इतकंच उरलं: दोन विमानं आणि दोन वैमानिक कमी, आणि बदली मिळायची शक्यता शून्य.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या भारतीय तळांवर हल्ले केले. ४ डिसेंबर उजाडला तो तेजगाववर.

दिवसभर हंटर आणि सुखोईंच्या तुकड्या येत राहिल्या, वर मिगचा पहारा. हेतू सरळ होता: सेबर हवेत येतील ती हवेत पाडायची, उरतील ती जमिनीवर. इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या गच्चीवरून परदेशी बातमीदार डोक्यावरची झुंज बघत होते, आणि ढाक्याच्या घराघरांच्या छपरांवर माणसं चढली होती. सेबर जुनं विमान होतं, पण खालच्या उंचीवर वळणाच्या लढाईत तरबेज, आणि १४ क्रमांकाचे वैमानिक भेकड नव्हते. दोन्ही बाजूंची विमानं पडली. भारतीय १४ स्क्वाड्रनचे स्क्वाड्रन लीडर के. डी. मेहरा यांचं हंटर ढाक्यावर पडलं. त्यांनी पॅराशूटने उडी मारली, खाली बंगाली गावकऱ्यांनी त्यांना लपवलं आणि मुक्तिवाहिनीने आगरतळ्याला पोचवलं. शत्रूचं विमान पाडायचं, आणि त्याचा वैमानिक तुमच्याच हद्दीतल्या लोकांनी सांभाळून परत पाठवायचा! तेजगावच्या एकटेपणाचा याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

तरीही ४ आणि ५ डिसेंबरच्या हल्ल्यांनी तळ बंद पडला नाही. सेबर पसरून ठेवलेली होती, मातीच्या बांधांच्या आडोशाला, जाळ्या आणि झाडोऱ्याखाली. ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला ती दिसायला डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ मिळतो, तेवढ्यात खालून तोफांचा मारा. रॉकेट आणि तोफांनी अशी विमानं एकेक करून टिपायची म्हणजे रोज स्वतःची माणसं गमवायची. उत्तर हवं होतं ते वेगळं, आणि ते लपवता न येणाऱ्या एकमेव गोष्टीत होतं: धावपट्टीत.

धावपट्टी फोडणं ऐकायला सोपं वाटतं, तसं ते नाही. विमान खालून सपाट येऊन बॉम्ब टाकतं तेव्हा बॉम्ब तिरका आपटतो, काँक्रीटवर घसरत जातो, वरवरचा खळगा पाडतो. तो रात्रीत बुजवता येतो. बॉम्ब पृष्ठभाग भेदून आत शिरला आणि मग फुटला, तर खालची माती उचलली जाते, आजूबाजूचा थर उलथतो. त्यासाठी तो उंचावरून, जवळजवळ नाकाच्या दिशेने खाली जाताना सोडावा लागतो. म्हणजे तोफांच्या माऱ्यात चढायचं, उलटं वळून सूर मारायचा, नेम धरायचा, सोडायचा आणि जमिनीआधी सावरायचं. शिवाय पट्टी नेमकी अशा जागी तोडायची की उरलेल्या कुठल्याही तुकड्यावरून भरलेलं सेबर उडू शकणार नाही. कडेला पडलेले दहा बॉम्ब वाया, मधोमध बसलेले दोन पुरेसे.

हे काम मिग-२१ वर सोपवलं गेलं, आणि ही निवड मला आजही धाडसी वाटते. मिग-२१ हे मुळात आकाशात शत्रूच्या विमानावर झेपावण्यासाठी बनलेलं. त्याच्या एफएल या प्रकारात अंगची तोफसुद्धा नव्हती. बॉम्बफेकीसाठी खास यंत्रणा नव्हती. हाच एफएल प्रकार तेव्हा नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत होता. ओझर आणि पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत त्या कारखान्यात हयात घालवलेली माणसं भेटतील, आणि १९७१ चं नाव काढलं की त्यांच्या आवाजात अभिमान येतो. तो रास्त आहे.

६ डिसेंबरला सकाळी २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर बी. के. बिश्नोई चार मिग घेऊन आसामातून निघाले. प्रत्येकाला ५०० किलोचे दोन बॉम्ब. गुवाहाटी ते ढाका सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मिगला परवडणारा पल्ला. ढाक्यावर त्यांनी उंची घेतली, सूर मारले, आणि बॉम्ब पट्टीवर बसले. ४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे मिगही या मोहिमेत होते, त्यांचे प्रमुख विंग कमांडर गोळे. एकच हल्ला करून ते थांबले नाहीत, यात खरं शहाणपण होतं. पाकिस्तानी अभियंते खड्डे बुजवायला लागले की पुन्हा मिग. कुर्मिटोलाची पट्टीही फोडली गेली.

खड्डा बुजवणं म्हणजे नुसती माती लोटणं नव्हे. उडालेला राडारोडा काढायचा, कडा कापायच्या, थराथराने भराव टाकून दाबायचा, वर टणक पृष्ठभाग करायचा. सैल भरावावर जेटचं चाक रुतलं तर विमानच मोडतं. यासाठी दोन गोष्टी लागतात: पुरेसा वेळ आणि मनापासून राबणारे भरपूर हात.

इथे त्याच युद्धातल्या भुजची आठवण होणारच. कच्छमधल्या भुज तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले नागपूरचे. पाकिस्तानी विमानांनी धावपट्टी उखडली, तेव्हा जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका कामाला आल्या. भोंगा वाजला की बाभळींच्या झुडपात लपायचं, विमानं गेली की पुन्हा घमेली उचलायची. ७२ तासांत पट्टी पुन्हा वापरात आली. तिथे हल्ले तेजगावइतके सलग नव्हते, हा फरक मान्य करायलाच हवा. पण माधापरच्या बायका आल्या, कारण तो तळ त्यांचा होता. ढाक्यात मार्चपासून लष्कराने जे केलं होतं, त्यानंतर तेजगावची पट्टी दुरुस्त व्हावी म्हणून जीव टाकणारं गाव आसपास कुठून मिळणार? तिथले लोक छपरावर चढून पट्टी फुटताना बघत होते.

त्यांना या युद्धाची किंमत द्यावी लागली नाही असं मात्र नाही. ८-९ डिसेंबरच्या रात्री विमानतळाजवळच्या एका अनाथालयावर बॉम्ब पडले आणि झोपेतली अनेक मुलं गेली. पाकिस्तानने भारताला दोषी ठरवलं. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत हर्बर्ट स्पिवॅक यांनी आपल्या सरकारला कळवलं, की हे बॉम्ब पाकिस्तानच्याच विमानाने टाकलेले दिसतात. तळाच्या कथेत ही मुलं सहसा येत नाहीत. यायला हवीत.

पट्टी सुधारत नाही म्हटल्यावर सेबरच्या वैमानिकांना ब्रह्मदेशमार्गे बाहेर काढण्यात आलं. विमानं नवी मिळतात, शिकलेला वैमानिक तयार व्हायला वर्षं जातात, म्हणून तो निर्णय बरोबर होता. इनामुल हक आणि तळावरची बाकी माणसं मागे राहिली, विमानभेदी तोफा चालवत राहिली. १२ डिसेंबरला ब्रिटिश हवाई दलाची हर्क्युलिस विमानं अडकलेल्या परदेशी लोकांना न्यायला तेजगावला उतरली. हर्क्युलिसला आखूड आणि खडबडीत पट्टी चालते, सेबरला चालत नाही. त्यामुळे एकच तळ निर्वासितांसाठी उघडा आणि लढाईसाठी बंद होता.

परिणाम काय झाला ते जमिनीवर दिसलं. ९ डिसेंबरपासून ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या आखणीनुसार एमआय-४ हेलिकॉप्टरांनी मेघना नदीपलीकडे सैन्य उतरवलं. ११ डिसेंबरला दुपारी टांगाईलजवळ २ पॅरा बटालियन आकाशातून उतरली, आणि तिला नेणाऱ्यांत डाकोटा, पॅकेट, कॅरिबू यांसारखी मंद, बोजड विमानं होती. दोन-चार सेबर उडू शकली असती तर भर दिवसा असा ताफा नेण्याची छाती कोणी केली असती? दुसऱ्या दिवशी पुंगलीच्या पुलाजवळ २ पॅराला येऊन मिळाली ती १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण. जमालपूर सर करून ती खाली उतरली होती. ढाक्याची उत्तरेची वाट मोकळी झाली. १४ डिसेंबरला बिश्नोईंच्या मिगनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट सोडली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहिला.

१५-१६ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी लष्कराची हेलिकॉप्टरं काही बायका-मुलांना आणि जखमींना घेऊन ब्रह्मदेशातल्या अक्याबला निसटली. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही.

त्याच कारणाने भारतीय बाजूही १६ तारखेला शरणागती घ्यायला हेलिकॉप्टरनेच आली. मेजर जनरल जेकब दुपारी तेजगावला उतरले. मग आगरतळ्याहून लेफ्टनंट जनरल अरोरांचा ताफा आला, आणि त्यांना घ्यायला पूर्वेतले पाकिस्तानी सेनापती नियाझी तळावर हजर होते. अरोरांबरोबर आलेल्यांत बांगलादेशाचे प्रतिनिधी म्हणून ग्रुप कॅप्टन खंदकर होते. सात महिन्यांपूर्वी याच तळावरचं दोन नंबरचं पद सोडून ते चोरून बाहेर पडले होते.

मोडून टाकलेल्या सेबरपैकी काही पुढे बांगलादेश हवाई दलाने दुरुस्त करून उडवली. पट्टीही लवकरच सुधारली. १० जानेवारी १९७२ ला बांगलादेशाचे नेते शेख मुजीबुर रहमान ब्रिटिश हवाई दलाच्या कॉमेट जेटमधून दिल्लीहून आले ते तेजगावलाच, आणि त्या दिवशी धावपट्टीच्या कडेपर्यंत माणसांचा समुद्र लोटला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागरी उड्डाणं कुर्मिटोलाला गेली. तेजगाव आजही बांगलादेश हवाई दलाच्या वापरात आहे, आणि ढाकेकर त्याला जुना विमानतळ म्हणतात.